समाजमंदिरातलं कोर्ट

(हसनाबादजवळच्या एका खेड्यातल्या गयाबाईंनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत उतरवून घेतलेलं.)

माह्यं माहेर टेंभुर्णीच्या पलीकडं, जाफराबाद तालुक्यात. आम्ही पाच बहिणी आन् दोन भाऊ, आन् मला चौथीतून काढून हातात खुरपं दिलं ते आजून काई सुटलं न्हाई. लगीन होऊन हितं हसनाबादच्या बाजूला आले तवा मी सोळाची का सतराची, बराबर कोणालाच म्हाईत न्हाई, माह्या मायला इचारलं तं ती म्हणायची तू झाली तवा ज्वारी काढणीला आल्ती, आता त्याच्यावरून काय वरीस काढता. सासरी अडीच एकर कोरडवाहू, म्हणून मालक जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमधी कामाला जायचे. सकाळची पाळी आसली की अंधारातच गाडी काढायचे, डबा मी बांधून द्यायचे, आन् दर रोज म्हणायचे, भाजी कालचीच दिली का. ताजी आसली तरी म्हणायचे. सवयच व्हती त्याहीला.

माह्यं काम बियाण्याच्या प्लॉटवर. तुम्ही येताना रस्त्यानं ते पांढऱ्या जाळीचे शेडनेट पाह्यले आसतील, त्याच्यात मिरचीचं बी तयार करतेत. काय सांगू तुम्हाला, लई नाजूक काम. कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं उघडायची, आतला नर काढून टाकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाची भुकटी तिला लावायची, आन् वर दोरा बांधायचा. चिमटा जरा जोरात लागला की कळी गेली. म्हणून नवी बाई आली की तिला एकदम खऱ्या वळीत बसवत न्हाईत. कडंच्या वळीत टाकून द्यायची फुलं आसतेत, त्याच्यावर आठ दिवस तिचा हात बसवायचा, मंग आत घ्यायचं. मी पंधरा वर्षं हेच केलं, कितीतरी पोरींचा हात बसवला, मुकादम म्हणायचा गयाबाई तुम्ही शिकवल्याली बाई एक कळी वाया घालवत न्हाई. मला त्याचा गर्व व्हता, खोटं काहून बोलू.

मालक गेले ती सकाळ थंडीची. झुंजूमुंजू झाल्तं. फाट्याच्या अलीकडं वळण हाय, तिथं वाळूची मोठी गाडी, हायवा म्हणतेत तिला, ती उलट्या बाजूनं आली आन् त्याहीला घेऊन गेली. माह्यापोत निरोप यायला अर्धा घंटा लागला, तवर सगळं आटपलं व्हतं. मी गेले तं कोणीतरी आंगावर टॉवेल टाकल्याला, आन् डबा तसाच हँडलला लटकल्याला. त्याच्याबद्दल मला जादा बोलायला लावू नका.

आता ती गाडी कोण चालवत व्हतं, सगळं त्याच्यावर हाय. ज्याची गाडी त्यो गाडीवाला मोठा माणूस, त्याचं नाव मी घेत न्हाई, घेऊन काय उपेग. त्याचं पोरगं, वीस-बावीसचं, त्या सकाळी स्टेरिंगवर तेच व्हतं. आन् हे पाह्यलं एका माणसानं, बाबूरावभाऊजींनी. बाबूरावभाऊजी म्हंजे आमच्या मालकाचे दोस्त, गावातलं दूध गोळा करून फाट्यावरच्या डेअरीला घालतेत. ते कॅना घेऊन मागून येत व्हते. त्याहीनं पाह्यलं, गाडी थांबली, डायवरच्या बाजूचं दार उघडलं, आन् पोरगं खाली उतरलं, मालकाकडं बघितलं आन् डोक्याला हात लावून खालीच बसलं. त्याहीचा पगारी डायवर दुसऱ्या बाजूनं उतरला. मंग दोघं वावरातून पळाले. भाऊजींनी पोलिसात तसंच सांगतलं, पोलिसांनी पोराचं नाव घातलं. पोराचं म्हणणं, गाडी डायवर चालवत व्हता, मी तं बाजूला झोपल्यालो. आन् डायवर त्या दिवसापासून गायब, कोणत्या मुलखात गेला कोणाला ठाऊक.

म्हंजे माह्या बाजूनं सगळी मिळून एक साक्ष, बाबूरावभाऊजींची. दुसरं काईच न्हाई.

मला काय पाह्यजे व्हतं, तुम्ही इचारसाल. मला त्या पोराला फाशी नको व्हती, त्याची आई बी बाई हाय. मला फकस्त येवढं पाह्यजे व्हतं का कोर्टानं लिहावं, ह्यानं मारलं. कागदावर लिहून यावं. काहून का गावात लोक बोलायला लागल्ते, मालकच राँग साइडनं गेल्ते, मालकच झोपंत व्हते. माणूस गेला त्यो गेला, वरून चूक बी त्याचीच म्हणल्यावर कसं सहन व्हावं.

मंग तारखा सुरू झाल्या. तालुक्याला जायचं, दिवसभर बसायचं, पुकारा झाला की उठायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. एकदा साहेब सुट्टीवर, एकदा वकिलाचा संप, एकदा आरोपी आजारी, एकदा म्हणे कागद जालन्याला गेले. कोर्टातल्या पट्टेवाल्याला मी वळखू येऊ लागले, त्यो म्हणायचा, मावशी आज काई न्हाई व्हत, जा जल्दी, एसटी सापडंल. चार वर्षं आशी गेली. बाबूरावभाऊजींना दोनदा समन्स आलं, दोन्ही वेळेला ते धुतल्याले कपडे घालून आले, दोन्ही वेळेला साक्ष झाली न्हाई. दुसऱ्या वेळेला निघताना ते माह्यापाशी आले. म्हणले वहिनी, दोनशे लिटर दूध उचलून न्हाई थकत, पर ते लाकडाचं कठडं पाह्यलं का माह्या तोंडाला कोरड पडती.

त्याच चौथ्या वर्षी गावात एक चर्चा सुरू झाली. जालन्याहून एक ताई यायची, वंदनाताई, शिकल्याली पोरगी, लई गोड बोलायची. तिचं म्हणणं आसं का न्यायाचं काम कुठं अडतंय ते सायबांना म्हाईत न्हाई, ते ज्यांचं अडलंय त्याहीलाच म्हाईत, म्हणून गावोगाव लोकांनी बसावं, बोलावं, काय सुधारलं पाह्यजे ते लिहावं, आन् ते सगळं एक करून सरकारला द्यावं. दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात बसायचं. मोठा कागद भिताडाला चिटकवायचा, त्याच्यावर मुद्दे लिहायचे. पंधरा-वीस जण यायचे. कोणाचा बांधाचा वाद, कोणाच्या पोरीचं सासरचं, आन् माह्यं हे. आमचे गुरुजी, म्हंजे रिटायर झाल्याले शाळामास्तर, ते लिहायचे, त्याहीचं अक्षर मोत्यावानी.

खरं सांगू, मला बरं वाटायचं तिथं. घरात कोण इचारतंय. तिथं ताई इचारायची, गयाबाई तुम्हाला काय वाटतं. चार वर्षात मला कोणी आसं इचारलंच न्हाई का तुम्हाला काय वाटतं.

एका शनिवारी कागदावर प्रश्न लिहिल्याला, लोक साक्ष द्यायला काहून भितेत. कोणी म्हणलं गुंड धमकी देतेत, कोणी म्हणलं मजुरी बुडती. बाबूरावभाऊजी कोपऱ्यात बसल्याले, ते कधी बोलायचे न्हाईत, त्या दिवशी बोलले. म्हणले, धमकी मला कोणी दिली न्हाई, पर मी आयुष्यात कधी चार माणसात उभं राहून बोललो न्हाई, मला तिथं माह्यं नाव बी आठवायचं न्हाई.  आन् तवा मी बोलले. माह्याच तोंडातून निघालं, दुसऱ्या कोणाला दोष देऊ. मी म्हणलं, ताई, आमच्याकडं प्लॉटवर नव्या बाईचा आधी कडंच्या वळीत हात बसवतेत, तसा भाऊजींचा हात बसवू. हितंच कोर्ट करू. खोटं खोटं.

ताईला लई आवडलं. गुरुजींना बी. लगेच कागदावर लिहिलं, साक्षीदारांची पूर्वतयारी, गावाची सूचना. टाळ्या बी वाजवल्या. कोणाच्याच मनात काई वाईट नव्हतं हो, हे तुम्ही लिहा. ताईला कायदा म्हाईत नव्हता, ती समाजसेवेचं शिकल्याली. गुरुजींना शाळा म्हाईत. आन् मला मिरची.

पाच शनिवार आम्ही कोर्ट केलं. शाळेचा बाक आडवा उभा केला, ते कठडं. गुरुजी जज. सरकारी वकील ताई. आन् समोरच्याचा वकील मी, काहून का मी चार वर्षं कोर्टात बसून वकिलांना पाह्यल्यालं, ते कसे हात मागं बांधून फिरतेत, कसे चष्म्यावरून बघतेत, सगळं मला पाठ. माह्या जावंची काळी शाल मी पांघरली. पहिल्या दिवशी भाऊजी पाणी पाणी झाले. मी इचारायचे, किती लांब व्हते तुम्ही, उजेड किती व्हता, डोळ्याला दिसतंय का, मयत तुमचा दोस्त म्हणून खोटं बोलून राह्यले ना. लोक हसायचे. पर तिसऱ्या शनिवारपोत भाऊजी ताठ उभे राहायला लागले. गुरुजींनी त्याहीला सगळं एका कागदावर नीट लिहून दिलं, म्हंजे मागचं पुढं व्हायला नको. दूध घालताना बी ते पुटपुटायचे. आन् मी दर वेळेला शेवटी त्याहीला एकच सांगायचे, भाऊजी, जे इचारतील त्याचं खरं सांगायचं, एक बी गोष्ट लपवायची न्हाई, लपवलं का माणूस अडकतो.

पाचव्या शनिवारी कोणीतरी फोटू काढला आन् गावाच्या व्हॉट्सअपच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमच्या गावाचा आगळावेगळा उपक्रम. लई जणांनी अंगठे दिले. गावाचाच ग्रुप त्यो, त्याच्यात गाडीवाल्याची माणसं बी व्हती. हे आता कळतंय.

साक्षीचा दिवस उजाडला. जज म्हंजे मॅडम व्हत्या, शांत, त्याहीच्या तोंडावरून वाटायचं का बाई समजून घेईल. भाऊजींनी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी इचारलं आन् भाऊजी बोलले, आहाहा, काय बोलले, एक बार अडकले न्हाईत. सदर दिवशी सदर ठिकाणी म्या सदर वाहनाच्या चालकाच्या बाजूनं आरोपीस उतरताना समक्ष पाह्यलं. मी मागच्या बाकावर बसल्याली, माह्या डोळ्यात पाणी आलं. वाटलं, बसला हात.

मंग समोरचा वकील उठला. मला वाटलं ओरडंल. त्यो ओरडला न्हाई. त्यो हसून म्हणला, बाबूरावजी, किती शिकले. सातवी. धंदा काय. दूध घालतो साहेब. मंग हे सदर वाहन, समक्ष, हे शब्द कुठं शिकले. भाऊजी म्हणले, गुरुजींनी लिहून दिले साहेब. बरं, पाठ केलं का. केलं साहेब. किती दिवस. पाच शनिवार.

सरकारी वकील उठून काईतरी म्हणले, मॅडमनी त्याहीला बसवलं. समोरच्यानं एक कागद काढला, त्याच्यावर त्यो फोटू छापल्याला. हे कोण. भाऊजींनी फोटू हातात घेतला, नीट बघितला. काय सांगू तुम्हाला, त्या माणसाच्या चेहऱ्यावर तवा भीती नव्हती. त्याहीला वाटलं खरं सांगायचा हाच मौका हाय. बोट ठेवून ठेवून सांगतलं, हा मी साहेब, हे गुरुजी, ते जज झाल्ते, आन् ह्या काळी शाल घातल्याल्या मयताच्या बायको, गयावहिनी, ह्या तुमच्यावानी वकील झाल्त्या. कोर्टात हशा झाला. पट्टेवाला सुदिक हसला. मॅडम हसल्या न्हाईत. त्याहीनं पेन थांबवलं, भाऊजींना पाणी द्यायला लावलं, आन् मंग खाली बघून टायपिंगवाल्या पोरीला सगळं लिहायला सांगतलं. एक एक शब्द.

पाच शनिवार मी त्या माणसाला शंभर प्रश्न इचारले. हे शब्द कुठं शिकले, हा एकच इचारला न्हाई.

बाहेर आल्यावर भाऊजी मला म्हणले, वहिनी, बराबर झालं ना. मी म्हणलं झालं. मला तवा आर्धंच कळल्यालं. मंग सरकारी वकील बाहेर आले, तोंड उतरल्यालं. ते म्हणले, बाई, तुम्हाला हे कोणी करायला सांगतलं. मी म्हणलं साहेब, तुम्ही चार वर्षात कधी आम्हाला बसवून दोन शब्द सांगतले का, काय करायचं न् काय न्हाई. ते म्हणले, माझ्याकडं किती फायली हायेत म्हाईत हाय का. ते बी खरंच व्हतं, त्याहीच्या काखेत तवा बी गठ्ठा व्हता. साक्षीच्या आधी दहा मिनटं त्याहीनं व्हरांड्यात भाऊजींना त्याहीचा जुना जबाब वाचून दाखवला व्हता, तेवढं चालतंय म्हणे कायद्यात. आम्ही समाजमंदिरात केलं ते शिकवणं, आन् त्याहीनं व्हरांड्यात केलं ते वाचून दाखवणं.

निकाल लागला. साक्षीदार शिकवल्याला, त्याच्यावर भरवसा ठेवता येत न्हाई, संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला. मी गुरुजींना इचारलं, संशय कोणाला व्हता. मला तं नव्हता. भाऊजींना नव्हता. त्या पोराला बी नव्हता, काहून का निकाल झाल्यावर ते व्हरांड्यात उभं व्हतं, बापाचे लोक पाठीवर थापा मारून राह्यल्ते, आन् ते माह्याकडं बघत व्हतं. माह्या नजरेला नजर भिडली तसं ते खाली बघायला लागलं. त्याला म्हाईत, मला म्हाईत. आन् मॅडमवर मी राग तरी कसा धरू, त्याहीच्या म्होरं जे आलं ते त्याहीनं लिहिलं. त्या काय आमच्या समाजमंदिरात थोड्याच बसल्त्या, आमच्या मनात काय व्हतं ते बघायला. वरच्या कोर्टात जायचं म्हणलं तं सरकारी वकील म्हणले कागद पाठवलाय, कळवू. दीड वरीस झालं, कळवून राह्यलेत.

वंदनाताई आली, माह्यापाशी बसून रडली. मीच तिला चहा करून दिला. तिचं काय चुकलं. चर्चा आजून चालू हाय, मी बी जाते, घरात बसून तरी काय करू. मागच्या महिन्यात सगळ्या गावांचे मुद्दे एक करायचे व्हते तं ताई म्हणली, गयाबाई, तुमचा एक मुद्दा सांगा. कागदावर बाकीचे लिहिल्याले, तारखा जल्दी द्याव्या, कोर्टात बायांसाठी बसायला जागा पाह्यजे, पाणी पाह्यजे. सगळं बराबर हाय, पाह्यजेच.  पर मी म्हणलं लिहा, खरं बोलणाऱ्याला सुदिक एकदा परत इचारा, शब्द दुसऱ्याचे का पाह्यल्यालं दुसऱ्याचं. गुरुजींनी लिहिलं, आन् मंग पेन धरून बसले, म्हणले गयाबाई, हे सरकारला कळायचं न्हाई. मी म्हणलं ऱ्हाऊ द्या मंग, खोडा.

बाबूरावभाऊजी निकालानंतर पंधरा दिवस आमच्या गल्लीत आले न्हाईत, दूध दुसऱ्या बाजूनं न्यायचे. मंग मीच त्याहीच्या घरी गेले. ते ओट्यावर कॅना धुत बसल्याले. मला लई राग व्हता, खोटं काहून बोलू, मी सरळ म्हणलं, भाऊजी, त्या फोटूवर तुम्हाला न्हाई म्हणता आलं आसतं. येवढं एक खोटं बोलले आसते तं बाकीचं सगळं खरं टिकलं आसतं. त्याहीनं माह्याकडं बघितलं, आन् त्याहीच्या डोळ्यात काई राग बिलकुल न्हाई, म्हणले, वहिनी, तुम्हीच तं सांगतलं व्हतं, लपवायचं न्हाई.

मी एक कॅन वढून घेतली आन् धुवायला लागले. 

आता ते रोज येतेत. माह्याकडं एक म्हैस हाय, तिचं दूध न्यायला. दूध वततेत, कॅनीला झाकण लावतेत, आन् जाता जाता थांबून म्हणतेत, वहिनी, तेच पोरगं व्हतं, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. पहिल्यांदा मला राग यायचा, वाटायचं मला सांगून काय उपेग, मला तं म्हाईतच हाय. आता येत न्हाई. माणसाला कुठंतरी सांगावंच लागतंय, आन् दुसरं कोण हाय ऐकायला. मी म्हणते, व्हय भाऊजी, तेच व्हतं. मंग ते किक मारून फाट्याकडं जातेत. भला माणूस हाय, सुखात ऱ्हावा बिचारा.